आर्किटेक्ट कोणाला म्हणायचं? बारावीपासून नोंदणी क्रमांकापर्यंतचा रस्ता

कुठल्याही तालुक्याच्या गावात नगरपालिकेच्या समोरच्या गल्लीत शिरा. एकेका पाटीवर चार-चार व्यवसाय लिहिलेले दिसतील: आर्किटेक्ट, इंजिनीअर, इंटिरिअर डेकोरेटर, वास्तू सल्लागार. खाली मोबाईल नंबर, आणि ‘प्लॅन पास करून मिळेल’. या चार शब्दांपैकी एकच शब्द असा आहे की तो पाटीवर लावण्याआधी केंद्र सरकारने केलेल्या कायद्याखालच्या एका नोंदवहीत तुमचं नाव असावं लागतं. तो शब्द म्हणजे आर्किटेक्ट. बाकीचे तीन अशा कुठल्याही देशव्यापी नोंदवहीत नाव नसताना लावता येतात. त्यात ‘इंजिनीअर’ही आला, याचं बहुतेकांना आश्चर्य वाटतं.

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की घरोघरी या रस्त्याची चौकशी सुरू होते. मुलगी चित्रं छान काढते, गणितही बरं आहे, मग आर्किटेक्चरला घालू या का? पाच वर्षं कशाला लागतात? नंतर सीएसारखी परीक्षा असते का? आणि सिव्हिल इंजिनीअरही घराचे प्लॅन काढतोच की, मग हा वेगळा माणूस कशाला? प्रश्न साधे वाटतात, पण शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं.

कायदा कशाचं रक्षण करतो?

सगळ्याच्या मुळाशी वास्तुविशारद अधिनियम, १९७२ हा कायदा आहे. त्याने कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर ही संस्था निर्माण केली. डॉक्टरांसाठी पूर्वी मेडिकल कौन्सिल होती (२०२० पासून तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे), वकिलांसाठी बार कौन्सिल आहे, तशी आर्किटेक्टसाठी ही. आर्किटेक्चरचं शिक्षण किमान कसं असावं हे ती ठरवते, देशभरच्या आर्किटेक्टांची नोंदवही ठेवते आणि व्यवसायात कसं वागायचं याचे नियम करते. पुढे तिला नुसतं कौन्सिल म्हणू.

या कायद्याचं ३७वं कलम सांगतं की नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा अशा आर्किटेक्टांची फर्म यांच्याशिवाय कोणीही आर्किटेक्ट ही उपाधी वापरू नये. लँडस्केप आर्किटेक्ट आणि जहाजांची रचना करणारे नेव्हल आर्किटेक्ट यांना त्यातून सूट आहे. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट नावाची जमात पुढे जन्माला येईल, हे १९७२ साली कोणाच्या ध्यानीमनी असण्याचं कारण नव्हतं.

आता कलम पुन्हा नीट वाचा. बंदी उपाधीवर आहे. इमारतीची रचना करण्याच्या कामाबद्दल तिथे अक्षर नाही.

हापूसचं उदाहरण घ्या. भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ‘हापूस’ हे नाव कोकणातल्या ठराविक जिल्ह्यांतल्या आंब्यालाच लावता येतं. म्हणून दुसरीकडचा आंबा पिकवायला किंवा विकायला बंदी नाही. तो गोडही असू शकतो. फक्त पेटीवर हापूस लिहायचं नाही. आणि पेटीवर हापूस लिहिलंय म्हणून आतला प्रत्येक आंबा गोड निघेलच, अशी हमी ते मानांकन देत नाही. आर्किटेक्ट या नावाचं कायद्यातलं स्थान जवळजवळ हेच आहे.

डॉक्टर आणि वकील यांच्या बाबतीत कायदा बराच पुढे जातो. तिथे नोंदणीशिवाय ते काम करणंच बेकायदेशीर आहे. आर्किटेक्टच्या बाबतीत संसदेने जाणूनबुजून हात आखडता घेतला. इमारतीची रचना, देखरेख आणि बांधकाम हा फक्त आर्किटेक्टांचा मक्ता राहणार नाही, इंजिनीअर आपलं काम पूर्वीसारखं करू शकतील, त्यांनी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ नये एवढंच, अशी ती भूमिका होती. देशातली बहुतेक घरं गवंडी, मिस्त्री, ओव्हरसिअर आणि इंजिनीअर यांच्या हातून उभी राहत होती. ते काम एका फटक्यात मोजक्या पदवीधरांच्या ताब्यात देणं शक्यही नव्हतं आणि माझ्या मते शहाणपणाचंही नव्हतं.

मग न्यायालयात वाद कशाचा झाला?

नोएडा विकास प्राधिकरणातल्या नेमणुकांवरून. ज्यांच्याकडे आर्किटेक्चरची पदवी नाही त्यांना ‘असोसिएट आर्किटेक्ट’ अशा नावाच्या पदावर बढती देता येईल का, असा मुद्दा होता. कौन्सिलचं म्हणणं होतं की ३७वं कलम उपाधीबरोबर व्यवसायही राखून ठेवतं. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कलम फक्त उपाधीपुरतं आहे आणि नोंदणी नसलेल्या माणसाला रचनेचं किंवा देखरेखीचं काम करण्यापासून ते अडवत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पण त्याच निकालात दुसरी बाजूही लावून धरली: पदाच्या नावात आर्किटेक्ट हा शब्द असेल तर त्या पदावर मान्यताप्राप्त पदवी नसलेल्या माणसाला बसवता येणार नाही.

निकालाचा अर्धाच भाग ऐकून ‘आता आर्किटेक्टची गरज संपली’ असं म्हणणारे लोक भेटतात. ते बरोबर नाही. केंद्रीय कायद्याने काम खुलं ठेवलं, तरी महापालिकेत नकाशा दाखल करायला कोण चालेल हे स्थानिक बांधकाम नियमावली ठरवते. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२०च्या एकत्रित नियमावलीत (लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात) आर्किटेक्ट, परवानाधारक इंजिनीअर, स्ट्रक्चरल इंजिनीअर, सुपरवायझर अशा प्रत्येकाची पात्रता आणि मर्यादा लिहिलेल्या आहेत. मुंबईत लायसन्स्ड सर्व्हेअर हा आणखी एक जुना प्रकार आहे.

इथे एक गंमत आहे. ‘लायसन्स’ हा शब्द आपण आर्किटेक्टला सरसकट लावतो, पण आपल्याकडे आर्किटेक्टला लायसन्स नसतं, नोंदणी असते. लायसन्स महापालिका देते, आणि ते इंजिनीअर, सुपरवायझर अशा लोकांना लागतं, कारण इंजिनीअरांची देशपातळीवरची कायदेशीर नोंदवही आपल्याकडे नाही. आर्किटेक्टची नोंद दिल्लीच्या कौन्सिलकडे आधीच असल्यामुळे तो एका गावातून दुसऱ्या गावात गेला तरी त्याची पात्रता नव्याने तपासावी लागत नाही.

पहिला दरवाजा: बारावी आणि एक वेगळी परीक्षा

आता रस्त्याकडे वळू. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला असेल तर त्यात गणित हवं. टक्केवारीची आणि बाकी विषयांची अट कौन्सिल अधूनमधून बदलत असते, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक पाहावं. मोठ्या भावाच्या वेळी काय होतं यावर विसंबू नये.

गणित कशाला, असं चित्रकलेची आवड असलेली मुलं हमखास विचारतात. रोजच्या कामात कलनशास्त्र लागत नाही, हे खरं. पण जिन्याच्या पायऱ्यांची उंची-रुंदी बसवताना, उताराचं छप्पर कागदावर उलगडताना, बीम कुठे खोल लागेल याचा अंदाज घेताना आकारांशी आणि आकड्यांशी मैत्री लागतेच. स्ट्रक्चर्स हा विषयही पुढे अभ्यासक्रमात येतो. गणिताची ज्याला मनापासून भीती वाटते त्याची दमछाक पहिल्याच वर्षी सुरू होते.

बारावीबरोबर अभिक्षमता चाचणी द्यावी लागते. कौन्सिल स्वतः घेते ती नाटा, २००६ पासूनची. चित्र, रचना, त्रिमितीचं भान, तर्क आणि निरीक्षण हे तिचे विषय. दुसरा रस्ता जेईई मेनच्या आर्किटेक्चरच्या पेपरचा: गणित, अभिक्षमता आणि चित्र. दिल्ली-भोपाळ-विजयवाड्याच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटीत जायचं तर हा पेपर लागतो. आयआयटीत, म्हणजे खरगपूर, रुरकी आणि वाराणसीला, जायचं असेल तर जेईई अॅडव्हान्स्ड आणि त्यानंतर आणखी एक वेगळी चाचणी. महाराष्ट्रातल्या बाकी कॉलेजांचे प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीय फेऱ्यांतून होतात.

क्लासवाल्यांच्या जाहिराती पाहिल्या तर वाटतं की सुंदर चित्र काढणं म्हणजेच नाटा. तसं नाही. पेन्सिलीचा हात कच्चा असला तर वर्षभरात सुधारतो. बसस्टॉपवर लोक कुठल्या बाजूला उभे राहतात आणि का, हे ज्याच्या लक्षात येतं त्या मुलाचं आर्किटेक्चरमध्ये जास्त जमतं. पण हे ओळखण्याची सोय कुठल्याही प्रवेश परीक्षेत पुरती झालेली नाही.

कॉलेज निवडताना ते कौन्सिलच्या यादीत आहे ना, आणि तुम्ही प्रवेश घेताय त्या वर्षासाठी आहे ना, हे तपासणं सगळ्यात महत्त्वाचं. ही मान्यता कोणाची, यावरही बरीच वर्षं ओढाताण झाली. तंत्रशिक्षणाची अखिल भारतीय परिषद म्हणजे एआयसीटीई मोठी की कौन्सिल, हा वाद कोल्हापूरच्या एका आर्किटेक्चर कॉलेजच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने आर्किटेक्चरच्या शिक्षणात कौन्सिलचाच शब्द शेवटचा मानला. मान्यता नसलेल्या ठिकाणी पाच वर्षं घातली तर हातात पदवीचा कागद येईल, नोंदणी क्रमांक येणार नाही.

पाच वर्षं नेमकं काय करतात?

बी.आर्क. पाच वर्षांचं, दहा सत्रांचं. इंजिनीअरिंगपेक्षा एक वर्ष जास्त. बांधकाम साहित्य, स्ट्रक्चर्स, प्लंबिंग-विद्युत यांसारख्या सेवा, हवामान, इतिहास, इस्टिमेट, कायदे असे विषय असतात, पण सगळा जीव एकाच विषयात अडकलेला असतो, तो म्हणजे डिझाईन. तो वर्गात बसून शिकवत नाहीत. मोठ्या टेबलांची खोली असते, तिला स्टुडिओ म्हणतात. पहिल्या वर्षी एखादा किऑस्क, मग छोटं घर, मग शाळा, हॉस्पिटल, गृहसंकुल असे प्रकल्प वाढत जातात. शिक्षक टेबलापाशी येतात, बटर पेपर पसरतात आणि तुमच्या प्लॅनवर स्वतःची रेघ मारतात. ती रेघ पटली नाही तर भांडायचं असतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे माहीत नसतं.

सत्राच्या शेवटी ज्युरी. भिंतीवर शीट लावायच्या, शेजारी मॉडेल ठेवायचं आणि बाहेरून आलेल्या आर्किटेक्टांसमोर उभं राहून आपल्या प्रत्येक निर्णयाचं कारण द्यायचं. दार इथे का? पश्चिमेचं ऊन इथून आत येणार नाही का? म्हाताऱ्या माणसाने हा जिना कसा चढायचा? आदल्या रात्री जागून केलेल्या कामाची दहा मिनिटांत चिरफाड होते आणि कित्येकांच्या डोळ्यांत पाणी येतं. ज्युरीच्या नावाखाली अपमान करण्याची खोड काही कॉलेजांत मुरलेली आहे, ती वाईटच. पण चारचौघांत आपल्या कामाचं समर्थन करता येणं हे कौशल्य पुढे रोज लागतं. क्लायंट, कंत्राटदार, पालिकेतला अधिकारी, तिघेही ज्युरीच असतात, आणि त्यांच्यासमोर तर गुणही मिळत नाहीत.

जागरणाबद्दल पालक फार विचारतात. होतं. त्यातलं थोडं कामाच्या स्वरूपामुळे, आणि बरंचसं नियोजन न केल्यामुळे.

चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमाराला एक पूर्ण सत्र प्रशिक्षणाचं असतं. ते नोंदणीकृत, अनुभवी आर्किटेक्टच्या ऑफिसात करायचं असतं. स्टायपेंड बेताचा, काही ठिकाणी नावापुरता. तिथे पहिल्यांदा कळतं की कॉलेजात ज्याला आपण डिझाईन म्हणत होतो तो कामाचा लहानसा भाग आहे. मंजुरीसाठी पालिकेत जाणारा नकाशा म्हणजे सॅंक्शन ड्रॉइंग वेगळं, आणि ज्यावरून मिस्त्री प्रत्यक्ष बांधतो ते वर्किंग ड्रॉइंग वेगळं. खिडकीची चौकट भिंतीच्या कुठल्या कडेला बसेल, पावसाचं पाणी तिथून आत कसं येणार नाही, फरशीचे सांधे कुठून सुरू होतील, असं सगळं दुसऱ्यात दाखवावं लागतं. प्रशिक्षणाची जागा निवडताना नावाजलेल्या, मोठ्या ऑफिसाच्या मागे धावण्यात फारसा अर्थ नाही. मोठ्या ऑफिसात सहा महिने फक्त टॉयलेटचे तपशील किंवा कॉम्प्युटरवरची देखणी चित्रं काढायला बसवतात. पाच-सहा माणसांच्या ऑफिसात साईटवर जायला मिळतं आणि शिव्याही खायला मिळतात.

शेवटी थिसिस, पदवी, निकाल.

आणि मग परीक्षा?

परीक्षा नाही. मान्यताप्राप्त पदवी, गुणपत्रिका आणि शुल्क घेऊन कौन्सिलकडे अर्ज करायचा. तुम्ही भारतात राहत असाल किंवा व्यवसाय करत असाल तर नाव नोंदवहीत चढतं. ‘सीए’ (इथे चार्टर्ड अकाउंटंट नव्हे), मग नोंदणीचं वर्ष, मग अनुक्रमांक, अशा धाटणीचा क्रमांक मिळतो. त्यातल्या वर्षावरून समोरचा आर्किटेक्ट किती वर्षं मुरलेला आहे याचा अंदाज बांधता येतो. नोंदणी ठराविक मुदतीनंतर शुल्क भरून चालू ठेवावी लागते. विसरलात तर नाव निघतं, आणि पुन्हा घालून घ्यावं लागतं.

म्हणजे जूनमध्ये ज्युरीसमोर घाबरलेली मुलगी वर्ष संपायच्या आत, कायद्याच्या भाषेत, शाळा किंवा हॉस्पिटलच्या नकाशावर आर्किटेक्ट म्हणून सही करायला पात्र ठरते. बाहेरच्या देशांशी तुलना केली तर हे चटकन डोळ्यांत भरतं. अमेरिकेत पदवीनंतर बहुतेक राज्यांत ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव आणि सहा भागांची परीक्षा असते. ब्रिटनची परंपरागत वाट तीन टप्प्यांची आणि मध्ये किमान दोन वर्षं कामाची आहे. तिथेही कायदा फक्त आर्किटेक्ट या नावाचंच रक्षण करतो, पण ते नाव मिळायला सात-आठ वर्षं सहज जातात.

आपल्याकडे उपाधी देण्यापूर्वीची चाळणी जवळजवळ सगळी कॉलेजवर सोपवलेली आहे. जिथे कॉलेज चांगलं तिथे हे चालतं. जिथे शिक्षक अपुरे आणि ज्युरी नावाची, तिथून बाहेर पडणाऱ्यालाही तोच क्रमांक मिळतो. नोंदणीपूर्वी दोन वर्षं कामाची सक्ती असावी, असं मला वाटतं. परीक्षेबद्दल मात्र मी साशंक आहे. परीक्षा आली की तिचे क्लास येतात, आणि क्लास आले की मुलं प्रशिक्षणाच्या काळातही ऑफिसात बसायचं सोडून प्रश्नसंच सोडवायला लागतील.

व्यवहारात बाजार स्वतःची चाळणी लावतोच. कोऱ्या क्रमांकाच्या आर्किटेक्टकडे कोणी हॉस्पिटल देत नाही. तीन-चार वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात काढणं, मग मामाचा बंगला किंवा मित्राचा फ्लॅट, मग हळूहळू स्वतःचं काम, असा बहुतेकांचा क्रम असतो. सुरुवातीचा पगार त्याच शहरातल्या सॉफ्टवेअरवाल्या वर्गमित्राच्या तुलनेत खाली मान घालायला लावणारा असतो. पालकांनी हे आधीच ऐकून ठेवलेलं बरं.

‘पण मोठमोठे आर्किटेक्ट तर पदवीशिवायच झाले!’

हा युक्तिवाद प्रत्येक चर्चेत येतो आणि त्यात तथ्य आहे. जपानचे तादाओ आंदो स्वतःच शिकले. आपल्या पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी मुंबईचं जे.जे. अर्ध्यावर सोडून लंडनला आणि मग पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या ऑफिसात गेले. या क्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार आंदोंना १९९५ मध्ये आणि दोशींना २०१८ मध्ये मिळाला. स्वतः ल कॉर्बुझिए यांच्याकडेही आर्किटेक्चरची पदवी नव्हती.

पण दोशी पॅरिसला गेले तेव्हा १९७२चा कायदा यायला वीसेक वर्षं अवकाश होता. कायदा आला तेव्हा आधीपासून किमान पाच वर्षं व्यवसाय करणाऱ्या भारतीयांना पदवी नसतानाही नोंदवहीत येण्याची वाट ठेवली होती. ती खिडकी तेव्हाच्या पिढीसाठी होती. आज अठरा वर्षांच्या मुलाने दोशींचं उदाहरण देऊन कॉलेज सोडलं तर त्याला उत्तम इमारती रचता येतील, कदाचित, पण पाटीवर तो शब्द लावता येणार नाही.

याच रांगेतले दोन-तीन प्रश्न झटपट. आर्किटेक्चरचा डिप्लोमा एकट्याने पुरत नाही, पण बी.आर्क.ला प्रवेश घ्यायला उपयोगी पडतो. सिव्हिल इंजिनीअरिंग करून मग आर्किटेक्टची नोंदणी मिळत नाही. एम.आर्क. नोंदणीसाठी लागत नाही, मात्र कॉलेजात शिकवायचं असेल तर लागतं. परदेशी पदवी मान्य आहे का, हे तिकडची फी भरण्याआधी कौन्सिलकडून लेखी विचारून घ्यावं. नावाजलेलं विद्यापीठ आणि भारतात मान्य असलेली पदवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खोटं नाव लावलं तर?

मूळ कायद्यात पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९७२ साली ५०० रुपये ही काहीतरी रक्कम होती. आज पाटी रंगवायलाच त्यापेक्षा जास्त लागतात, त्यामुळे गल्लीतल्या पाट्या का टिकून आहेत हे वेगळं सांगायला नको.

नोंदणीकृत माणसावर मात्र कौन्सिलचा वचक जास्त आहे. गैरवर्तनाची तक्रार सिद्ध झाली तर समज देणं, काही काळ निलंबित करणं किंवा नोंदवहीतून नाव काढणं, अशा शिक्षा आहेत. गैरवर्तन कशाला म्हणायचं ते १९८९च्या नियमांत आहे. आर्किटेक्टने आपल्या सेवेची जाहिरात करायची नाही. बांधकाम चालू असलेल्या इमारतीवर नावाची पाटी लावता येते, पण अक्षरं १० सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत! दुसऱ्या आर्किटेक्टचं काम हिसकावायचं नाही. काम मिळवण्यासाठी किंवा मिळवून दिल्याबद्दल कमिशन, भेट, सवलत द्यायची-घ्यायची नाही. समाजमाध्यमांच्या काळात जाहिरातीचा नियम कितपत पाळला जातो, हे तुमच्या मोबाईलवरच दिसेल.

सगळ्यात घातक प्रकार वेगळाच आहे. काम कोणीतरी बिनानोंदणीचा करतो आणि नकाशावर सही तेवढी एखाद्या नोंदणीकृत आर्किटेक्टची घेतली जाते. सही देणाऱ्याने साईट पाहिलेलीही नसते. उद्या काही झालं तर कागदावर जबाबदार तोच, आणि घरमालकाला ज्याने सगळं समजावून सांगितलं तो माणूस कागदावर कुठेच नसतो. नवीन नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडांवरच्या घरांसाठी पालिकेची तपासणी कमी आणि सही करणाऱ्याच्या हमीवर भिस्त जास्त ठेवली आहे. अशा ठिकाणी उसनी सही म्हणजे कोणीच न तपासलेलं घर.

मी फ्लॅटच घेणार आहे, माझा याच्याशी काय संबंध?

तुम्ही त्या आर्किटेक्टचं तोंडही पाहणार नाही, पण तुमचे पैसे त्याच्या सहीवर हलतात. रेरा कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेतले ७० टक्के बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि काम जितकं पुढे सरकेल तितकेच काढता येतात. काम किती झालं, हे तीन माणसं प्रमाणित करतात: आर्किटेक्ट, इंजिनीअर आणि चार्टर्ड अकाउंटंट. इमारत पूर्ण झाल्याचा दाखला तयार करून पालिकेत देणं हेही आर्किटेक्टचं काम, आणि भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी त्यानंतर मिळतं. ओसीविना वर्षानुवर्षं अडकलेल्या सोसायट्यांतल्या लोकांना या कागदाची किंमत विचारा.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. इमारतीचा कॉलम किती जाड, त्यात सळई किती, हे गणित आर्किटेक्टचं नसतं, स्ट्रक्चरल इंजिनीअरचं असतं. स्लॅबला तडा गेला की लोक आर्किटेक्टला धरतात, आणि बाथरूममध्ये उजेड नाही म्हणून इंजिनीअरला. दोघेही आपापल्या जागी चकित होतात.

घर बांधताना काय विचारायचं?

पहिल्या भेटीतच नोंदणी क्रमांक विचारा. खऱ्या आर्किटेक्टला त्याचा राग येत नाही. कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून नोंदणी चालू आहे का ते पाहता येतं. क्रमांक नाही असं उत्तर मिळालं तर लगेच उठून जायची गरज नाही. समोरचा परवानाधारक इंजिनीअर असेल आणि त्याने तुमच्या गावात वीस चांगली घरं बांधली असतील तर तो तुमच्यासाठी योग्य माणूस असू शकतो. फक्त मग त्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणायला नको. जो नावाबद्दल खोटं बोलतो तो सिमेंटच्या पोत्यांबद्दल खरं बोलेल असं का मानायचं?

फी बांधकाम खर्चाच्या टक्क्यांत असेल, चौरस फुटावर असेल किंवा ठोक असेल, तिच्यात काय काय येतं ते लिहून घ्या. फक्त मंजुरीचा नकाशा, की वर्किंग ड्रॉइंगही? स्ट्रक्चरल इंजिनीअरची फी आत की वेगळी? साईटवर किती टप्प्यांना येणार? इथे बहुतेक भांडणं होतात, कारण आर्किटेक्टची देखरेख अधूनमधून भेट देण्याची असते. रोज उभं राहून काँक्रीट ओतून घेणारा साईट इंजिनीअर किंवा सुपरवायझर वेगळा नेमावा लागतो. फरशी अमुकच दुकानातून घ्या असा आग्रह झाला तर दुकानदाराशी काही ठरलंय का, असं स्पष्ट विचारायचा तुम्हाला हक्क आहे, कारण कमिशनची बंदी त्यांच्याच नियमांत लिहिलेली आहे.

आणि अर्ध्या कामात आर्किटेक्ट बदलायची वेळ आलीच, तर गुपचूप दुसऱ्याकडे जाऊ नका. नवा आर्किटेक्ट शहाणा असेल तर पहिल्याशी बोलल्याशिवाय काम हातात घेणारच नाही. जुन्याचं देणं मिटवून त्याच्याकडून तसं पत्र घ्या, आणि पालिकेच्या फाईलमध्ये नाव बदलल्याची नोंद करून घ्या. ती राहिली तर पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही कोणी करायची, हा प्रश्न घर बांधून झाल्यावर उभा राहतो.